चांदीच्या सावलीवर रंगाचा हात

जुन्या फोटोत कुंकू काळं दिसतं. परभणी, सेलू, गंगाखेड, कुठल्याही गावच्या जुन्या घरात ओसरीच्या भिंतीवर वरून जरा पुढे कललेली एखादी फ्रेम असते. तिच्यात नीट डोकावून पाहा. पणजीच्या कपाळावरची आडवी चिरी काळीकुट्ट असते. शेजारी खुर्चीत बसलेल्या पणजोबांच्या डोक्यावर निजामाच्या अमदानीतली रुमी टोपी असेल, तर तीही काळीच. खरी टोपी मरून, म्हणजे गर्द लाल रंगाची होती आणि कुंकवाचा रंग तर सांगायला नकोच. फोटो कृष्णधवल आहे, तेव्हा लाल रंग राखाडी व्हावा हे समजतं. तो थेट काळा का व्हावा?

कारण कॅमेऱ्यातल्या काचेला लाल रंग दिसतच नव्हता. फोटोच्या प्लेटवर चांदीच्या क्षारांचा थर असे, आणि हे क्षार मुळात निळ्या-जांभळ्या किरणांनीच जागे होतात. पिवळा त्यांना मंद जाणवतो आणि लाल म्हणजे त्यांच्या लेखी निव्वळ अंधार. 1873 मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल या रसायनशास्त्रज्ञाला आढळलं की थरात विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर प्लेटला हिरवा रंगही कळू लागतो. सगळे रंग ओळखणाऱ्या, लालसुद्धा ओळखणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात यायला 1906 साल उजाडलं. त्यानंतरही पुष्कळ वर्षं स्टुडिओवाले लाल न ओळखणाऱ्या प्लेटाच वापरत राहिले, कारण त्या डार्करूममध्ये लाल दिवा लावून निर्धास्तपणे हाताळता येत. ज्या दिव्याच्या उजेडात फोटो धुतला जायचा, त्याच रंगाचं कुंकू फोटोत काळं पडायचं.

एकदा हे कळलं की जुने फोटो निराळेच दिसू लागतात. लग्नाच्या फोटोतले झेंडूचे हार इतके काळवंडलेले का, हळदीचं अंग इतकं सावळं का, आणि भर दुपारचं निळं आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं का, याची उत्तरं एका झटक्यात मिळतात. आणि मग त्या माणसाचं काम समजतं, जो हे फोटो पुढ्यात घेऊन, बोटाएवढ्या कुंचल्यानं, त्या काळ्या चिरीवर पुन्हा लाल रंग ठेवत होता. आज आपण संगणकावर, मोबाइलवर एखाद्या फोटोला ‘हातानं रंगवलेला’ असा बाज देतो, तेव्हा नकळत त्याच्याच मांडीला मांडी लावून बसतो. त्याला जे हातानं कळलं होतं, ते संगणकाला गणितानं सांगावं लागतं. गंमत अशी की दोघांचं म्हणणं तंतोतंत एकच निघतं.

फोटो रंगवण्याची कला फोटोच्याच वयाची आहे. 1839 च्या ऑगस्टमध्ये पॅरिसला दागेरच्या फोटो काढण्याच्या पद्धतीची जाहीर माहिती दिली गेली आणि पुढच्या एक-दोन वर्षांतच स्वित्झर्लंडच्या योहान बाप्टिस्ट ईझेनरिंगनं चांदीच्या पत्र्यावरच्या चेहऱ्यांवर डिंकात मिसळलेली रंगाची पूड बसवायला सुरुवात केली होती. माणसाला स्वतःची हुबेहूब छबी मिळाली, आणि ती हातात पडताक्षणी गालावरची लाली कुठे गेली, असा प्रश्न त्याला पडला. आपल्याकडे 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्या सुरुवातीच्या सभासदांत होते आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला.

परभणीची वाट मात्र मुंबईला जात नव्हती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. वरची कचेरी हैदराबादला, वरचं शिक्षण हैदराबादला, आणि विसावं शतक उजाडता उजाडता मनमाडहून परभणी, पूर्णा करत जाणारी रेल्वेही हैदराबादलाच पोचत होती. आणि हैदराबादेत त्या काळी देशातला सर्वांत नावाजलेला फोटोग्राफर बसला होता: राजा लाला दीनदयाळ. मेरठजवळच्या सरधन्याला 1844 मध्ये जन्मलेला, रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेला हा माणूस सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचा दरबारी छायाचित्रकार झाला. 1892 मध्ये त्यानं हैदराबादेत खास बायकांसाठी जनाना स्टुडिओ काढला. तिथे फोटो काढणारीही बाईच होती. पडद्यातल्या स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर मोकळेपणानं बसता यावं म्हणून केलेली ही सोय. शेरवानी, रुमी टोपी, संगमरवरी खांब रंगवलेला मागचा पडदा, तिपाईवरचा फुलदाणीचा थाट, हा सगळा दरबारी बाज तिथून तालुक्याच्या गावापर्यंत झिरपला असावा असं मराठवाड्यातले जुने फोटो पाहताना राहून राहून वाटतं.

इथे युरोपातल्या आणि आपल्या रंगवणाऱ्यांत एक मोठा फरक पडला. तिकडे फोटोला जेमतेम रंगाची छटा देत, फोटो फोटोच राहावा याची काळजी घेत. आपल्याकडे लघुचित्रं रंगवणाऱ्यांचे हात मोकळे होते आणि त्यांना फोटो हा नुसता पाया वाटला. कित्येक भारतीय रंगवलेल्या फोटोंत चेहरा तेवढा कॅमेऱ्याचा उरतो. पोशाख, गालिचा, दागिने, मागची बाग, सगळं घट्ट रंगानं नव्यानं उभं केलेलं असतं. दिल्लीच्या अल्काझी संग्रहात अशा फोटोंचा मोठा ठेवा आहे. त्यावरचं पुस्तक 2008 मध्ये निघालं.

मध्यमवर्गीय घरांत मात्र पातळ रंगाची पद्धतच जास्त चालली. ब्रोमाइड कागदावर मोठा केलेला फोटो घ्यायचा. तो चकचकीत नको, मॅट हवा, म्हणजे रंग धरतो. शक्य तर तो आधी सेपिया केलेला हवा. सेपिया म्हणजे नुसती तपकिरी झाक नव्हे. कागदातली काळी चांदी गंधकाच्या संयुगात बुडवली की तिचं सिल्व्हर सल्फाइड होतं, ते तपकिरी दिसतं आणि चांदीपेक्षा जास्त टिकतंही. त्वचेखालची ऊब या तपकिरीतून आपोआप येते. मग कापसाच्या बोळ्यानं तेलाचे पारदर्शक रंग चोळायचे, नाहीतर कुंचल्यानं पाण्याचे. छोट्या बाटल्यांतले फोटो कलर आजही स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळतात. दांडेकरांनी 1931 मध्ये मुंबईत सुरू केलेल्या कॅमलिननंही ते विकले.

पारदर्शक हा शब्द इथे सगळ्यात महत्त्वाचा. घरच्या भिंतीला दिलेला रंग भिंत झाकतो. फोटोवर दिलेला पारदर्शक रंग काहीच झाकत नाही. उजेड वरून येतो, रंगाच्या थरातून गाळला जातो, खालच्या कागदावर आपटतो आणि त्याच थरातून पुन्हा गाळला जाऊन आपल्या डोळ्यांत येतो. समजा, फोटोतला एखादा भाग 100 पैकी 80 किरण परत पाठवतो. वर असा रंग दिला की त्यातून येता-जाता मिळून हिरव्या किरणांपैकी निम्मेच पार होतात, तर हिरवे 40 उरतील. 80 टक्क्यांचे निम्मे, म्हणजे साधा गुणाकार. फोटोशॉप या संगणकाच्या प्रोग्राममध्ये एका लेयरवर, म्हणजे पारदर्शक पापुद्र्यावर, दुसरी ठेवायच्या ज्या अनेक पद्धती आहेत, त्यांतल्या एकीचं नाव ‘मल्टिप्लाय’ आहे, आणि ती अक्षरशः हाच गुणाकार प्रत्येक ठिपक्यावर करते. गुणाकारानं उजेड कमीच होतो, म्हणून जुने रंगवणारे फोटोग्राफरला सांगत की प्रिंट जरा फिकी काढ. संगणकावर मल्टिप्लाय वापरणाऱ्यालाही खालचा फोटो आधी फिका करून घ्यावाच लागतो.

आता खरा चमत्कार. कापसाच्या बोळ्यानं गालावर रंग चोळणाऱ्याचा हात थोडा इकडेतिकडे गेला, पदराचा हिरवा काठाबाहेर केसभर ओघळला, तरी बघणाऱ्याला ते खुपत नाही. का? आपल्या डोळ्याच्या पडद्यावर उजेड-अंधार टिपणाऱ्या दंडपेशी सुमारे 12 कोटी आहेत आणि रंग टिपणाऱ्या शंकुपेशी सुमारे 60 लाख. पण नुसत्या या संख्येत उत्तर नाही. दिवसाउजेडी आपण शंकुपेशींनीच पाहतो, आणि त्यांच्याकडून आलेल्या माहितीतून मेंदू दोन वेगळ्या गोष्टी करतो: कुठे किती उजेड आहे याचं अतिशय बारीक चित्र, आणि कुठे कोणता रंग आहे याचं बरंच ढोबळ चित्र. नाकाची धार, डोळ्याचा कोपरा, लुगड्याची निरी, हे सगळं पहिल्या चित्रातून कळतं. दुसरं चित्र त्यावर सैलसं पांघरलेलं असतं. फोटोनं पहिलं चित्र चोख काढून ठेवलेलं असल्यामुळे रंगवणाऱ्याला फक्त दुसरं द्यायचं होतं, आणि ते ढोबळ असलं तरी चालणार होतं. त्यानं कुठलंही शरीरशास्त्र वाचलेलं नव्हतं. बोळा फिरवता फिरवता ही गोष्ट त्याच्या हाताला कळली होती.

हीच गोष्ट पुढे इंजिनिअरांनी वापरली आणि तिनं आपलं घर भरलं. 1982 मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी दूरदर्शन रंगीत झालं. त्या वेळी गावोगावचे कृष्णधवल टीव्ही भंगारात गेले नाहीत, हे आठवतं का? तेच प्रक्षेपण त्या जुन्या संचांवर काळं-पांढरं दिसत राहिलं. कारण रंगीत प्रक्षेपणात उजेडाचा संदेश स्वतंत्र, संपूर्ण आणि तपशीलवार होता. रंगाचा संदेश त्याच्यावर वेगळा, कमी तपशिलाचा, हलकाच बसवलेला होता. जुना संच रंगाकडे दुर्लक्ष करून उजेड तेवढा उचलायचा. म्हणजे लाखो घरांत रोज संध्याकाळी जे येत होतं, तो हवेतून आलेला रंगवलेला फोटोच होता. आज व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा साधा जेपेग फोटोही बहुधा असाच साठवलेला असतो: उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा, पण रंग शेजारच्या चार ठिपक्यांना मिळून एकच. आपण हजारो फोटो पाहिले आणि हे कधी लक्षात आलं नाही, यातच डोळ्याची सगळी गोष्ट आली.

फोटोशॉप 1990 मध्ये आलं आणि लेयर त्यात 1994 मध्ये आल्या. रंगवणाऱ्याच्या दृष्टीनं खरा जन्म 1994 चाच. गिम्प हा फुकट मिळणारा प्रोग्रामही याच कामाचा आहे. दोन्हींत ‘कलर’ नावाची एक पद्धत असते. ती खालच्या लेयरचा उजेड जसाच्या तसा ठेवते आणि वरच्या लेयरचा फक्त रंग घेते. मल्टिप्लायसारखा काळोख वाढत नाही. टीव्हीवाल्यांनी आणि डोळ्यानं केलेली वाटणी इथे एका बटणावर आलेली आहे.

या वाटणीचं गणित एकदा तरी करून पाहावं. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका लाल, हिरवा, निळा या तीन आकड्यांनी ठरतो, प्रत्येक आकडा 0 ते 255. त्यांतून उजेड काढायचा तर तिन्ही सारखे धरत नाहीत. लालचे सुमारे 30 टक्के, हिरव्याचे 59 टक्के, निळ्याचे फक्त 11 टक्के. म्हणून भडक हिरव्याचा राखाडी 150 च्या आसपास येतो, भडक लालचा 76 आणि भडक निळ्याचा जेमतेम 29. आपल्या डोळ्याला हिरवा उजळ वाटतो आणि निळा गडद, हे त्या आकड्यांत उतरलेलं आहे. आता आठवा, जुन्या काचेचं नेमकं उलटं होतं: तिला निळा उजळ आणि लाल काळा. 76 यायला हवा होता तिथे शून्याजवळ आलं.

आणि इथेच संगणकावर पहिल्यांदा रंगवणारा माणूस अडतो. तो कलर लेयर घेतो, सुंदर लाल निवडतो, कपाळावरच्या चिरीवर फिरवतो, आणि काहीच होत नाही. पुन्हा फिरवतो, तरी काळं ते काळंच. बिघाड कुठेही झालेला नसतो. कलर पद्धत उजेड खालचा घेते. खाली उजेडच शून्य असेल, तर त्यावर कुठलाही रंग चढवा, उत्तर काळंच. शुभ्र पांढऱ्याचंही तसंच: धोतर पूर्ण 255 वर असेल, तर त्यावर कुठलाही रंग चढत नाही. जुन्या रंगवणाऱ्यालाही हीच अडचण होती. काळ्या चांदीवर पारदर्शक लाल दिसत नाही. म्हणून तो बाटली बदलायचा. कुंकू, मणी, नथीतले मोती, बोरमाळेचे मणी, जरीचा काठ, एवढ्यापुरता तो घट्ट, झाकणारा रंग घ्यायचा. जुना फोटो तिरका धरला तर असे ठिपके कागदातून किंचित वर आलेले दिसतात आणि बोटालाही लागतात. पातळ आणि घट्ट या दोन रंगांची जोडी ही त्या फोटोंची खरी खूण आहे.

एखादा जोडफोटो घेऊन बसू. समजा, 1945 च्या सुमाराचा: नवरा खुर्चीत, शेरवानी आणि रुमी टोपी, बायको शेजारी उभी, नऊवारी लुगडं, हातात पाटल्या-बिलवर, गळ्यात पुतळ्यांची माळ. पहिलं काम स्कॅनिंग. 600 डीपीआयला, आणि मूळ फाइल कधीही न बदलता. डाग-ओरखडे काढायचे, पण चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना हात लावायचा नाही. मग फोटोचा काळा 0 वरून 35-40 वर उचलायचा आणि पांढरा 255 वरून 235 च्या आसपास उतरवायचा, म्हणजे रंगाला पाय ठेवायला जागा होते. मग सगळ्या फोटोला हलकी सेपिया झाक.

यानंतर प्रत्येक वस्तूसाठी वेगळी लेयर, आणि इथे हातानं रंगवल्याचा भास कशानं होतो ते नीट समजून घ्यायला हवं. खऱ्या रंगीत फोटोत एकाच गालावर अनेक रंग असतात: नाकाच्या शेंड्याला तांबूस, कपाळाला पिवळसर, हनुवटीखाली लुगड्याचा हिरवट उजेड. सावलीतला रंग उजेडातल्या रंगापेक्षा वेगळा असतो. हातानं रंगवलेल्या फोटोत असं काहीच नसतं. एका वस्तूला एक रंग, कडेपासून कडेपर्यंत सारखा, आणि सगळ्या सावल्या चांदीच्या. शेरवानीची सावली, लुगड्याची सावली, चेहऱ्याची सावली, तिन्ही त्याच एका तपकिरी-काळ्या धातूच्या. त्यामुळे सबंध चित्राला एक शांत सूर लागतो, जो कुठल्याही भडक रंगानं मोडत नाही. संगणकावर हे हवं असेल तर मोह आवरावा लागतो. एका लेयरला एकच रंग भरायचा, छटा बदलायच्या नाहीत, आणि लेयरची तीव्रता 25-30 टक्क्यांवर आणायची. कुंचला मऊ कडेचा घ्यायचा आणि रेषेबाहेर थोडा जाऊ द्यायचा. धारेवर अचूक थांबलेला रंग लगेच यंत्राचा वाटतो.

त्वचेबद्दल माझं ठाम मत आहे. जुन्या स्टुडिओंत सरसकट सगळ्यांना गुलाबी-गोरं करायची खोड होती. गिऱ्हाईकाला ते आवडायचं म्हणून असेल, पण त्या पायी कित्येक उन्हातान्हात राबलेले चेहरे फोटोत उगाच साहेबी झाले. खाली सेपिया असेल तर आपल्या मातीतला सावळा, गव्हाळ वर्ण त्या तपकिरीत आधीच आलेला असतो. त्यावर अगदी पातळ तांबूस थर पुरे. गालाला किंचित जास्त, ओठांना त्याहून थोडा, डोळ्यांना काहीही नाही. डोळ्यांतला काळा-पांढरा भेद चांदीनं इतका अचूक टिपलेला असतो की तिथे रंग गेला की नजर मेलीच.

लुगड्याला हिरवा, काठाला लाल, मागच्या पडद्याला अगदी फिका निळसर-हिरवा, खाली गालिच्याला मातकट. रंग सहा-सातच ठेवायचे. रंगवणाऱ्याच्या बशीत तेवढेच असत, आणि तेच रंग पुन्हा पुन्हा आल्यामुळे चित्र एकजीव होई. ही सगळी कलर किंवा मल्टिप्लाय पद्धतीची कामं. शेवटी एक नवी लेयर, साध्या ‘नॉर्मल’ पद्धतीची, म्हणजे झाकणारी. छोटा, कडक कडेचा कुंचला. पुतळ्यांच्या माळेतल्या प्रत्येक पुतळीवर पिवळ्या मातीचा एक ठिपका आणि त्याच्या डाव्या अंगाला, जिथून स्टुडिओचा उजेड येत होता, तिथे फिक्या पिवळ्याचा सुईच्या टोकाएवढा दुसरा. हा दुसरा ठिपका पडताक्षणी सोनं उजळतं. रुमी टोपीला आधी राखाडीत थोडं वर उचलून मग मरून. आणि कपाळावर घट्ट लाल.

रंगाची निवड ही किती मोठी जबाबदारी आहे, हे परभणी जिल्ह्यातल्याच एका गावावरून कळतं. साईबाबांचं जन्मस्थान म्हणून पाथरीचं नाव घेतलं जातं. त्यावर वाद आहे, पण तिथे जन्मस्थान मंदिर उभं आहे आणि भाविकांची रीघ असते. बाबांनी 15 ऑक्टोबर 1918 रोजी, दसऱ्याच्या दिवशी शिर्डीत देह ठेवला. त्यांचे प्रत्यक्ष काढलेले फोटो मोजकेच आणि सगळे कृष्णधवल. त्या मोजक्या फोटोंवरून किती कॅलेंडरं, लॉकेटं, रिक्षांच्या काचांवरचे स्टिकर आणि देवघरातल्या तसबिरी निघाल्या, त्याला गणतीच नाही. पाथरीच्या दुकानांतून नजर फिरवली तरी कफनी कुठे पांढरी, कुठे भगवी, कुठे हिरवी दिसते. दगडावर पायावर पाय टाकून बसलेली ती मूर्ती मात्र प्रत्येक वेळी तीच. डोळे तेच, हाताची ठेवण तीच. चांदीनं जे धरलं ते कुणाला बदलता आलं नाही. रंग प्रत्येक पिढीनं, प्रत्येक छापखान्यानं आपल्या भक्तीनं दिला. भाविकाला त्यातला कुठलाच फोटो खोटा वाटत नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं: ओळख उजेडात असते, रंगात प्रेम असतं.

अलीकडे हे काम यंत्रही आपल्या आपण करू लागलं आहे. 2016 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतल्या रिचर्ड झांग, फिलिप आयझोला आणि अलेक्सेई एफ्रोस यांनी दहा लाखांहून जास्त रंगीत फोटो दाखवून एका संगणकीय जाळ्याला रंग ओळखायला शिकवलं. त्याला फक्त उजेड द्यायचा आणि रंगाचे दोन आकडे त्यानं अंदाजानं सांगायचे. पुन्हा तीच वाटणी! माणसांना खरा आणि यंत्रानं रंगवलेला फोटो शेजारी ठेवून विचारलं, तेव्हा 32 टक्के वेळा माणसं फसली. आकाश निळं, गवत हिरवं, ओठ लालसर, हे यंत्राला झकास जमतं, कारण ते बहुतेक वेळा तसंच असतं.

लुगडं बहुतेक वेळा कुठल्याच एका रंगाचं नसतं. अशा ठिकाणी यंत्र सरासरीकडे झुकतं आणि मातकट, भुरकट असं काहीतरी देतं. त्याहून मोठी फसगत काळ्याची होते. ते ज्या फोटोंवर शिकलं, त्यांचा राखाडी आजच्या गणितानं काढलेला होता; पणजीच्या फोटोतला राखाडी लाल न दिसणाऱ्या काचेचा आहे. म्हणून यंत्राच्या लेखी रुमी टोपी काळी, लाल काठ काळा, आणि कपाळावर काळी टिकली. इतिहास ठाऊक नसलेला रंगारी कितीही हुशार असला तरी इथे चुकणारच. मोबाइलवरच्या अ‍ॅपनं एका सेकंदात दिलेला रंग हा कच्चा खर्डा म्हणून घ्यावा आणि मग माणसांना विचारायला बसावं.

हे विचारणं मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो. घरातल्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाईंसमोर फोटो ठेवून विचारायचं, ‘आत्या, आजीचं हे लुगडं कोणत्या रंगाचं होतं?’ पहिलं उत्तर बहुतेक वेळा ‘मला काय आठवतंय आता’ असंच येतं. मग पडद्यावर हिरवा चढवून दाखवायचा. ‘हिरवं नव्हतं रे, ते तर चिंतामणी रंगाचं, माहेरहून आलेलं.’ आणि मग त्या लुगड्यामागून गाडीबैल येतो, गंगाखेडची जत्रा येते, फोटो काढताना रडणारं पोर येतं. चुकीचा रंग दाखवला की आठवण जागी होते. कोरा प्रश्न विचारला की ती झोपूनच राहते. जे कळेल ते फाइलसोबत लिहून ठेवावं: कोणता रंग कुणाच्या आठवणीवरून दिला, कोणता अंदाजानं. पुढच्या माणसाला रंगाची लेयर बंद करून खालची चांदी पुन्हा उघडी करता आली पाहिजे. जुन्या रंगवणाऱ्याला ही सोय नव्हती; एकदा चढलेला घट्ट रंग परत निघत नसे. ही संगणकाची खरी देणगी आहे.

आणि ज्यांना पडद्यावर समाधान होत नाही, त्यांच्यासाठी एक रस्ता अजून मोकळा आहे. सेपिया झाक दिलेला, जरा फिका केलेला फोटो जाड मॅट कागदावर, पाण्यानं न फुटणाऱ्या पिगमेंट शाईत छापून घ्या. शाई पूर्ण वाळू द्या. मग फोटो कलरच्या बाटल्या आणि दोन कुंचले घेऊन उजेडाच्या खिडकीशी बसा. रंग बशीत भरपूर पातळ करा, कुंचला फडक्याला टिपून जवळजवळ कोरडा करा, आणि एका थरात जोर न लावता तीन-चार पातळ थर वाळवत वाळवत द्या. सुरुवात चेहऱ्यापासून करू नका. पदराच्या एखाद्या कोपऱ्यापासून करा, हात बसला की गालाकडे या. एकच फोटो दोनदा छापून घेतलेला बरा, एक हात बसवायला आणि एक भिंतीवर लावायला.